वहिनीचं सँपल

माझ्या नणंदेला लहानपणापासून किळस फार. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी ती तहानेने जीव गेला तरी प्यायची नाही. ओल्या टॉवेलला हात लावायची नाही. कुणी जेवताना मचमच केली की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची. तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेही यापायीच. मुलगा चांगला होता, शिकलेला, घरचा बरा. पण पुस्तकाचं पान उलटताना बोटाला थुंकी लावायचा. "त्याच बोटांनी तो आयुष्यभर माझ्या वस्तूंना हात लावणार," एवढंच म्हणाली आणि नकार कळवून मोकळी झाली. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. पुढे कुणी तिच्या लग्नाचं नाव काढलं नाही.

आणि अशा बाईने पोटापाण्याचा उद्योग कुठला धरावा? तर सडक्या पानांचा.

शेतीच्या एका संशोधन केंद्रात ती पिकांवरच्या विषाणूंचं काम करते. माझा नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघीच, नणंद-भावजय. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन हिच्या कपड्यांचा वास घ्यायचा, असं माझं आयुष्य. ती जिना चढू लागली की मला स्वयंपाकघरात कळायचं. कुजलेल्या पालापाचोळ्याचा, थोडा आंबूस, थोडा नासक्या अंड्यासारखा वास. तिचे कपडे वेगळ्या बादलीत पडायचे. हात ती इतके धुवायची की बोटांची सालं निघालेली असायची.

काकडीचं प्रकरण सुरू झालं तेव्हा मी योगायोगाने तिच्या लॅबमध्ये होते. घराची किल्ली विसरले होते, ती घ्यायला गेले. तिच्या टेबलासमोर एक गृहस्थ उभे होते. शहराबाहेर त्यांची काकडीची मोठमोठी पॉलिहाऊसं आहेत, सगळे त्यांना नुसतं 'मालक' म्हणतात. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, कडा चुरगळलेल्या. काकड्या मात्र वरून बऱ्या दिसत होत्या, जराशा वाकड्या. नणंदेने एक उभी चिरली. आतला गर पिवळट तपकिरी, थुलथुलीत, शेंबडासारखा लिबलिबीत झालेला. सुरीला त्याची तार लागली.

तेवढ्यात तिचे साहेब दारात आले. नाकाला रुमाल. आत पाऊल न टाकताच म्हणाले, "नेहमीचाच मोझॅक रोग दिसतोय. मावा पसरवतो तो. यांना फवारणी लिहून द्या."

"सर, पानांवर मावा नाहीये," ती म्हणाली.

"उडून गेला असेल." आणि साहेबही गेले.

ती पानं उलटसुलट करून भिंगातून बघत बसली. तिचे ओठ मळमळ दाबणाऱ्या माणसाचे असतात तसे घट्ट मिटलेले होते. घरी आल्यावर मी विचारलं, "अगं, एवढी शिसारी येते तर हे काम करतेस कशाला?"

"साहेबांनाही येते," ती म्हणाली. "ते रुमाल लावून निघून जातात. मी रुमाल लावून थांबते, एवढंच."

मग तिचं दळण सुरू झालं. रोगट पानं खलात घालून कुटायची, रस गाळायचा, त्यात कुरुंदाची बारीक पूड टाकायची आणि निरोगी रोपांच्या पानांवर बोटाने चोळायचा. पुडीने पानाला सूक्ष्म ओरखडे पडतात, त्यातून विषाणू आत शिरतो. चाकवताच्या कुळातली काही रोपटी तिने खास या कामासाठी वाढवलेली होती. विषाणू आत गेला की त्या पानांवर बारीक डाग उमटतात. डाग उमटले. रसाचा थेंब मोठ्या मायक्रोस्कोपखाली बघायला दुसऱ्या शहरात पाठवला. तिकडून फोटो आला तो तिने मला मोबाइलवर दाखवला. साहेबांच्या मोझॅकचा विषाणू असता तर वाटाण्यासारखे गोल कण दिसायला हवे होते. इथे काडेपेटी सांडावी तशा सरळ, ताठ काड्या पसरलेल्या.

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं.

"म्हणजे हा वेगळाच बाबा आहे. याला मावा लागत नाही. याला हात पुरतात, सुरी पुरते, पाणी पुरतं. हा नुसत्या स्पर्शाने पसरतो."

हे बोलताना तिने नकळत स्वतःचे हात अंगापासून लांब धरले.

नुसतं नाव कळून भागत नाही म्हणे, विषाणूचा स्वभावही कळावा लागतो. कुठकुठल्या झाडाला लागतो, किती तापवला की मरतो, किती पाण्यात मिसळला तरी टिकतो, रसात किती काळ जिवंत राहतो. हे शेवटचं सगळ्यात वाईट. रसाची बाटली खिडकीत नुसती ठेवून द्यायची आणि दर थोड्या दिवसांनी उघडून चोळून बघायची. ती बाटली हिरवी होती ती तपकिरी झाली, तपकिरीची काळी झाली, वर साय धरली. झाकण उघडलं की शेजारच्या खोलीतले लोक खिडक्या लावून घेत. ती दर वेळी मोरीपाशी जाऊन ओकारी काढायची, तोंड धुवायची आणि परत येऊन रस चोळायची. आणि दर वेळी डाग. उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवला तरी डाग. लाखपट पातळ केला तरी डाग. "मेला मरत कसा नाही!" असं ती जेवताना म्हणायची आणि मी ताट बाजूला सारायची.

मालकांना तिने सांगितलं त्याप्रमाणे त्यांनी सगळं केलं. झाडं उपटून जाळली, माती वाफवली, बी तपासून घेतलं, सुऱ्या औषधात बुडवायला लावल्या. नवं पीक टरारून वर आलं. आणि फळं धरायच्या सुमारास पुन्हा तेच पिवळे चट्टे.

तिला गाडी येत नाही, म्हणून तिकडे मी तिला घेऊन गेले. पॉलिहाऊसमध्ये पाय टाकला आणि अंगावर कुणीतरी ओलं घोंगडं टाकल्यासारखं झालं. आतला उकाडा दमट आणि चिकट, त्याला झाडांच्या चिकाचा उग्र वास. बायका वेलींच्या रांगांतून खुडणी करत होत्या आणि जी काकडी वाकडी निघेल ती पुसून कराकरा खात होत्या. पिण्याच्या टाकीचं पाणी गंजकं, कोण पिणार? काकडीनेच तहान भागायची. नणंद एकेक रांग बघत गेली आणि थांबली. रोग सुरू होत होता तो ठिबकच्या नळीच्या तोंडापाशी.

"पाणी कुठून येतं?" तिने मुकादमाला विचारलं.

"मागे तळं आहे ना."

तळं म्हणजे खणलेला खड्डा, त्यावर हिरवी साय. त्याच्या वरच्या अंगाला पत्र्याचं दार असलेला कामगारांचा संडास. त्याचा खड्डा कधीचाच तुडुंब भरलेला होता. मागच्या भिंतीच्या बुडातून काळं पाणी झिरपत झिरपत, गवतातून वाट काढत तळ्यात उतरत होतं. माश्यांचं मोहोळ उठलेलं. मी ओढ्या-नाल्यांच्या काठाने पुष्कळ गाडी चालवली आहे, पण असा वास मला माहीत नव्हता. तो नाकात शिरत नव्हता, जिभेवर बसत होता.

"थोडंसं पाझरतं," मुकादम म्हणाला. "पण मातीतून गाळून येतं ना ते."

माझी नणंद पिवळी पडली होती. तिने हातमोजे चढवले, एक बाटली तळ्यात बुडवली, मग उकिडवी बसून दुसरी त्या झिरपणाऱ्या पाण्यात धरली. मी मान फिरवली. खोटं कशाला सांगू, मी गाडीत जाऊन बसले.

आठवड्याभराने डाग उमटले. तळ्याच्या पाण्याचे कमी, त्या झिरप्याचे जास्त. तिचं म्हणणं असं की बायका रोगट काकडी खातात, विषाणू पोटातून जिवंतच्या जिवंत बाहेर पडतो, तळ्यात उतरतो आणि ठिबकमधून पुन्हा झाडांना लागतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही, तो नुसता पाहुण्यासारखा येऊन जातो. मालक हसले. म्हणाले, "या बाया तळ्यात घाणेरडे हात धुतात, त्याचंच असणार हे. पोटात एवढं आम्ल असतं, त्यातून काय वाचतंय?" साहेबांनीही मान डोलावली. "पुरावा लागेल."

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो.

"वहिनी, तुझ्याकडे एक काम आहे."

"गाडी पाहिजे?"

"नाही. तू पाहिजेस." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी देईन ती काकडी खायची."

"रोगट?"

"हो. माणसाला काही होत नाही त्याने, खरंच."

"आणि मग?"

"मग दुसऱ्या दिवशी..." तिने छताकडे पाहिलं. "मी डबी देईन."

मी चमचा खाली ठेवला. "तू खा की स्वतः!"

"माझ्या नखात, केसात, रुमालावर, सगळीकडे तो बसलाय. माझं सँपल कुणी ग्राह्य धरणार नाही. तू लॅबमधल्या कशाला हात लावत नाहीस. वहिनी, तू स्वच्छ आहेस."

लग्न होऊन मी या घरात आले त्याला किती वर्षं झाली! माझ्या हातचा पेलाही ती दोनदा विसळून घेते. आणि तिने मला पहिल्यांदा स्वच्छ म्हटलं ते या कामासाठी. मी रागावले, मग हसत सुटले, मग पुन्हा रागावले. शेवटी हो म्हणाले. का म्हणाले, मला सांगता यायचं नाही. ती छताकडे बघत होती ना, त्यामुळे असेल.

आधी बरेच दिवस काकडी बंद, बाजारातलीसुद्धा. मग पहिली डबी. मग ती काकडी. त्या तळ्याकाठाइतकं वाईट मी आजवर काही हुंगलं नसेल, पण ही काकडी तोंडात घालून चावणं त्याच्याही वरताण होतं. दातांना काही लागतच नव्हतं, नुसता थंड, कडवट बुळबुळीतपणा. दोन घास खाली उतरले, तिसरा वर आला. "ओकू नकोस, सगळं वाया जाईल!" ती समोर उभं राहून ओरडली. मी नाक धरून गिळला. दुसऱ्या दिवशीची डबी तिने चिमट्याने धरून पिशवीत टाकली, पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती तिसऱ्या. पुष्कळ वेळ मोरीतून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता. मला खूप अपमान वाटला. आपली एवढी किळस कुणी करावी, आणि तीही स्वतःच खायला घातलेल्या गोष्टीची!

काही दिवसांनी मी एका नवशिक्याला चढावर गाडी थांबवायला शिकवत होते. फोन वाजला.

"आले! वहिनी, डाग आले!"

"कुठे आले?"

"तुझ्या पानांवर! काकडी खायच्या आधीचं सँपल एकदम कोरं, नंतरच्याने पान भरून गेलंय!"

शेजारच्या विद्यार्थ्याने घाबरून ब्रेक सोडला आणि आम्ही हळूहळू मागे घसरू लागलो.

तिने अहवाल दिला. संडासाचा खड्डा उपसा, पक्का करा, तळ्यात काही उतरू देऊ नका. सरळ गोष्ट होती. आम्हाला वाटलं, झालं काम. पाहणीसाठी आम्ही पुन्हा तिकडे गेलो तेव्हा पत्र्याच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं. पॉलिहाऊसच्या तोंडाशी पाटी: 'काकडी खाण्यास सक्त मनाई'.

"तुमच्याच रिपोर्टवरून केलं, मॅडम," मालक म्हणाले. अगदी प्रसन्नपणे म्हणाले. त्यांच्या ऑफिसात बसलो होतो आम्ही. समोर बशीत मीठ लावलेल्या काकडीच्या फोडी होत्या, त्यातली एक ते खात होते. "संडासच बंद म्हटल्यावर प्रश्न मिटला."

"मग बायका जातात कुठे?"

"ते त्यांचं त्या बघतात."

त्यांचं त्या कुठे बघतात ते खुडणी करणाऱ्या एका वयस्क बाईने सांगितलं. "सकाळपासून पाणी पीत नाही बाई आम्ही. दाबून धरतो. नाहीच धरवलं तर तळ्यामागच्या झुडपात. तिथे मुकादम चकरा मारतो, मग दोघी-दोघी जातो, एकीने उभं राहायचं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एवढ्या एवढ्याशा पोरी आजारी पडायला लागल्यात. जळजळ होते."

ज्या गोष्टीसाठी मी तो बुळबुळीत घास गिळला होता, तिचं यांनी हे केलं! नणंदेकडे पाहिलं. सडकी पानं हाताळताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलेलं होतं. आता तो तसा नव्हता. ओठ मिटलेले नव्हते, उघडेच राहिले होते.

ती परत फिरली आणि गाडीकडे न जाता चढावर निघाली. तळ्याच्या वर, झाडीच्या आड मालकांचा बंगला आहे. त्याच्या मागच्या भिंतीतून एक जाड पाइप बाहेर येत होता. ती पाइपाच्या कडेकडेने खाली आली, गवत बाजूला करत, चिखलात पाय बुडवत. मीही मागोमाग. पाइप सरळ तळ्यात सुटलेला होता. खड्डा नाही, टाकी नाही, काही नाही. वर तेलकट फेस तरंगत होता. तिने पिशवीतून बाटली काढली. या वेळी मी गाडीत गेले नाही. झाकण मी धरलं.

आसपासच्या काकडीवाल्यांची बैठक केंद्राच्या हॉलमध्ये भरली. मीही तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. साहेबांनी पडद्यावर त्या काड्यांचा फोटो दाखवला, 'आमच्या केंद्राने शोधून काढलं' असं दोनदा म्हणाले, आणि मग, "रोग मुख्यतः कामगारांच्या अस्वच्छतेतून पसरतो. आपल्या मालकांनी त्यावर कमी खर्चात उपाय केला आहे." मालक अर्धवट उठून हसले. टाळ्या पडल्या.

नणंद उभी राहिली. तिला चारचौघांत बोलता येत नाही, आवाज चिरकतो. तो तसाच चिरकला.

"सर, पोटातून विषाणू जिवंत बाहेर पडतो याचा पुरावा एकाही कामगाराचा नाही. तो माझ्या वहिनीचा आहे. त्या तिथे बसल्यात, तिसऱ्या रांगेत."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला. शेजारच्या गृहस्थांनी आवाज न करता आपली खुर्ची वीतभर सरकवून घेतली.

"त्या रोज दोनदा आंघोळ करतात," ती पुढे म्हणाली. हे खोटं होतं, पण असो. "यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. जो काकडी खातो त्याच्यातून तो येतो. तुमच्यातून, माझ्यातून. आणि त्या तळ्यात सगळ्यात जास्त विषाणू ज्या पाइपातून उतरतो तो बंगल्याचा आहे. मी तपासलाय. संडासाला कुलूप लावायचं असेल तर आधी तिथे लावा."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. मग बरेच जण हसले. मालक लाल झाले, उठले आणि निघून गेले. साहेबांनी माइक बंद केला.

पुढे काय झालं ते फार भूषणावह नाही. बाजारात बातमी पसरली, त्या मळ्याच्या काकडीला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा मालकांनी खड्डे खणले, टाक्या बांधल्या. बंगल्याची आधी, संडासाची सगळ्यात शेवटी. साहेबांनी विषाणूवर शोधनिबंध छापला, स्वतःचं नाव पहिलं घालून. माझ्या प्रयोगाचा परिच्छेद त्यांनी काढून टाकला. 'वाचायला बरं वाटत नाही' म्हणून. नणंदेची बदली बटाट्याच्या विभागात झाली. बटाटा कुजला की कसा वास मारतो हे ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं काय सांगू?

एका सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "वहिनी, तिकडे जाऊन येऊ या?" गेलो. कुलूप निघालं होतं, मागचा झिरपा बंद झाला होता. ती वयस्क बाई भेटली.

"दार उघडलं, बाई. पण आतली कडी काढून नेली. कडी लावून बाया आत बसून राहतात, काम चुकवतात म्हणे. आता एकीने बाहेरून दार ओढून धरायचं."

नणंदेने दार उघडून पाहिलं. कडीच्या जागी चार भोकं होती. ती तडक निघाली. गाडीत बसली, मीही न विचारता गावाकडे वळवली. हार्डवेअरच्या दुकानातून तिने कडी घेतली, स्क्रू घेतले, पेचकस घेतला. परत येऊन ती त्या संडासात शिरली आणि ओल्या फरशीवर गुडघा टेकला. दार आतून हलू नये म्हणून तिने त्याला खांदा लावला, गालही लागला. मुकादम येऊन उभा राहिला.

"मालकांना विचारलंत का?"

"नाही," ती आतूनच म्हणाली.

तो घुटमळला. मी त्याच्याकडे बघत राहिले, तसा निघून गेला. जुनी भोकं मोठी झालेली, स्क्रू धरेना. तिने नवी जागा बघून पुन्हा पिळले. एक वाकडा गेला. कडी बसली. ती बाहेर आली तशी ती वयस्क बाई आत गेली, आणि कडी सरकल्याचा आवाज आम्हाला दोघींना ऐकू आला.

परत येताना ती माझ्या शेजारी बसली होती, दोन्ही हात बोटं फाकवून मांडीपासून वर, हवेत धरलेले. गालावर दाराचा गंज लागला होता. काचा उघड्या होत्या. "नळ दिसला की थांब," ती म्हणाली. मी गाडी जरा जोरात काढली.